होडीच्या प्लास्टिकला तडा : रंगाचा डबा उघडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : होडीला नवा रंग द्यायचा आहे, पण हॅचच्या (होडीच्या वरच्या फळीतल्या तोंडाच्या) झाकणाला, सुकाणूपुढच्या कन्सोलला आणि बैठकीखालच्या पेटीला तडे गेले आहेत. मागच्या वेळी गाड्यांच्या कामाची लांबी (पुट्टी) भरली, घासली, वरून रंग मारला. महिन्याभरात त्याच जागी, त्याच वळणाची रेघ रंगातून वर आली. या वेळी कोणती लांबी वापरू, असे तुम्ही विचारता.

लांबी बदलून हे सुटणार नाही. तड्याच्या दोन्ही कडा अजून एकमेकींपासून सुट्या आहेत. उन्हात भाग फुगतो, रात्री आकसतो, कुणी झाकणावर पाय देतो, लाटेचा दणका बसतो, आणि दर वेळी त्या कडा केसभर सरकतात. मध्ये भरलेली लांबी कडक असते, ती आधी फुटते आणि तिच्याबरोबर वरचा रंग. तडा बुजवण्याआधी तो जोडावा लागतो. जोडायचा कसा, हे प्लास्टिक कोणते आहे आणि तडा कशाने गेला, या दोन गोष्टींवर ठरते. माझा निम्म्याहून जास्त वेळ या दोन गोष्टींतच जातो आणि तो वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

आधी प्लास्टिक ओळखा. भाग सोडवून उलटा करा. साच्यातून काढलेल्या बऱ्याच भागांच्या पाठीवर खूण असते : एबीएस (एक कडक प्लास्टिक), पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीई-एचडी (पॉलिथिलीन) अशी अक्षरे, किंवा त्रिकोणात आकडा. 2 आणि 4 म्हणजे पॉलिथिलीन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 3 म्हणजे पीव्हीसी. 7 असेल तर त्यातून फारसे काही कळत नाही, तो 'इतर सगळे' या अर्थाचा आकडा आहे. पाठ खरखरीत असेल आणि तिच्यात काचतंतूंची जाळी दिसत असेल, तर तो भाग फायबरचा आहे. त्याचा रस्ता वेगळा, त्यावर पुढे येतो.

खूण नसेल तर वाटीची परीक्षा करा. न दिसणाऱ्या कडेवरून ब्लेडने नखाएवढा कपटा काढा. त्यावर रंग किंवा मळ राहू देऊ नका. वाटीभर गोड्या पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घाला, नाहीतर हवेचे बुडबुडे कपट्याला चिकटतात आणि तो उगाच तरंगतो. कपटा बोटाने तळाशी दाबा आणि सोडा. सावकाश वर आला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, कारण ही दोन्ही पाण्याहून हलकी आहेत. तळाशीच बसून राहिला तर एबीएस, ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, पीव्हीसी किंवा नायलॉन यांपैकी काहीतरी. मग दुसरी परीक्षा : कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन पाठीवरच्या एका ठिपक्याला दहा-पंधरा सेकंद लावा. एबीएस असेल तर जागा चिकट होते, कापसाचे तंतू तिथे अडकतात. पॉलिथिलीनला काहीच होत नाही. पारदर्शक भागावर मात्र ही परीक्षा करू नका. खिडक्यांच्या ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर ॲसिटोन पडले की बारीक जाळीदार चिरा पडतात आणि त्या जात नाहीत.

जाळून वासावरून ओळखण्याची पद्धत मी पूर्ण सोडली आहे. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसाला जाळतो. वाटीभर पाण्यात काम होत असताना तो धोका कशाला?

आता तडा का गेला ते पाहा. भोकापासून सुरू होऊन कडेकडे गेलेला तडा असेल तर दोष बहुतेक स्क्रूचा असतो. शंकूच्या डोक्याचा स्क्रू प्लास्टिकमध्ये पाचरीसारखा शिरतो. जितका आवळाल तितका तो भोक फाडायला बघतो. दुसरे कारण उष्णतेचे. एक मीटर लांबीचा एबीएसचा भाग तापमानात 30 अंशांचा फरक पडला तर साधारण 2 ते 3 मिलिमीटर लांबतो, पॉलिथिलीनचा 3 ते 6. त्याखालचे फायबर तेवढ्यात मिलिमीटरभरही हलत नाही. भोके स्क्रूच्या मापाचीच ठेवली असतील तर प्लास्टिकला सरकायला जागा राहत नाही, आणि ते कुठेतरी फाटतेच.

माझ्याकडे एका हॅचचे झाकण दुरुस्तीला तीनदा आले होते. तिन्ही वेळा मी तडा नीट जोडला आणि तिन्ही वेळा तो जोडाच्या बोटभर बाजूला पुन्हा गेला. जोड शाबूत, शेजारचे प्लास्टिक फाटलेले. चौथ्या वेळी झाकण हातात घेण्याऐवजी होडीवर जाऊन बिजागरी पाहिली. दोन बिजागऱ्यांचे कणे एका रेषेत नव्हते, थोडासाच फरक होता. झाकण उघडताना प्रत्येक वेळी पिळले जात होते. बिजागरीखाली पातळ पट्टी घालून कणे रेषेत आणले, झाकण जोडले, आणि ते पुन्हा आले नाही. तेव्हापासून भाग सोडवण्याआधी मी तो जागेवर उघडून, दाबून, हलवून बघतो. तुमच्या झाकणाचेही आधी तेवढे बघा.

भाग जागोजागी पांढरट झाला असेल, नखाने खरवडल्यावर भुकटी निघत असेल आणि वाकवल्यावर नवे तडे जात असतील, तर उन्हाने ते प्लास्टिक मेले आहे. त्याला जोडण्यात अर्थ नाही, नवा भाग आणा.

सफाईचा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त चुकतो. आधी धुवायचे, मग तेलकटपणा काढायचा, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर लावायचा. आधी घासले तर वरचे मेण आणि सिलिकॉन पेपराच्या चऱ्यांत दाबले जाते, मग ते कशानेही निघत नाही. गोड्या पाण्याने मीठ धुवा, साबणाने घासा, वाळवा. मग दोन फडकी घ्या. एक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले, दुसरे कोरडे. ओल्या फडक्याने वीतभर जागा पुसा आणि ती वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्या. ओले तसेच वाळू दिले तर मळ विरघळून पुन्हा तिथेच बसतो. फडक्याच्या घड्या बदलत राहा. शेवटी पाणी शिंपडून पाहा. पाण्याचा पडदा सलग पसरला तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब गोळा होऊन पळाले तर अजून मेण आहे. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनला मात्र ही परीक्षा लागू नाही, ती स्वच्छ असली तरी त्यांवर थेंबच गोळा होतात. जुने सिलिकॉन सीलंट दिसले तर ते ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. नंतर रंगात माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात, त्यामागे बहुतेक वेळा ते किंवा सिलिकॉनचे पॉलिशच असते.

याच ओल्या फडक्याने आणखी एक काम होते. तडा जिथे संपलेला दिसतो, खरे तर तो त्याच्या पुढे गेलेला असतो. अल्कोहोल पुसून पृष्ठभाग वाळू द्या आणि भाग हलकाच वाकवा. आजूबाजूचे वाळते, पण तड्यात मुरलेले अल्कोहोल अजून ओले असते आणि एक बारीक काळसर रेघ उमटते, दिसणाऱ्या तड्याच्या पुढे एक-दीड सेंटिमीटरसुद्धा. त्या रेघेच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा आणि तिथे 3 मिलिमीटरचे भोक पाडा. तड्याच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो, गोल भोकावर तो पसरतो, म्हणून तडा पुढे धावत नाही. भोक खऱ्या टोकाच्या मागे पडले तर मात्र त्याचा काहीच उपयोग नाही.

मग तडा उघडा. केसाएवढ्या फटीत काहीही नीट शिरत नाही, म्हणून कानशीने किंवा लहान ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करायची. तोंडाशी रुंद, खोली जाडीच्या दोन तृतीयांश. मागून हात पोचत असेल तर मागूनही हलकी खाच करा. खाचेच्या दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटरपर्यंत 80 नंबरच्या पेपराने चांगले चरे पाडा. ग्राइंडर हळू फिरवा. प्लास्टिक तापून वितळले की त्याची चकचकीत साय होते, आणि तिच्यावर काही धरत नाही. इथपर्यंतचे काम एबीएस आणि पॉलिथिलीनला सारखेच. फायबरच्या भागात खाच किती खोल न्यायची, हे तडा किती खोल आहे त्यावर ठरते.

तुमचे वर्णन वाचून कन्सोल एबीएसचे असावे असा माझा अंदाज आहे. एबीएससाठी माझ्या हातात बसलेल्या पद्धती दोन. पहिली, त्याच प्लास्टिकचा रस. एबीएसचे कपटे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की विरघळून मधासारखा दाट रस होतो. तो खाचेत पातळ थरांनी भरायचा. प्रत्येक थर आकसतो, म्हणून थरांमध्ये काही तास जाऊ द्यायचे आणि शेवटचा थर पृष्ठभागाहून थोडा वर ठेवायचा. यात जोड खरोखर एकजीव होतो. पण एक अट आहे, ती मी एकदा मोडली आणि आख्खे कन्सोल पुन्हा करावे लागले. दुसऱ्या दिवशी बोटाला कडक लागले म्हणून रंग मारला. आत अडकलेले ॲसिटोन उन्हात बाहेर पडू लागले आणि जोडाच्या रेघेवर मुगाच्या दाण्याएवढ्या फोडांची रांग उठली. तेव्हापासून मी निदान तीन दिवस थांबतो, जाड जोड असेल तर आठवडा. पेपराने हलके घासून नाक जवळ नेल्यावर वास आला तर अजून थांबायचे. ॲसिटोन भडका घेते, त्याची वाफ जमिनीलगत पसरते. जवळ ग्राइंडर, विडी-सिगारेट, शेगडी काही नको.

दुसरी पद्धत, पाठीला अस्तर. भागावर भार येत असेल तर मी हीच वापरतो, आणि तुमच्या हॅचच्या झाकणाला, ते एबीएसचे असेल तर, हीच लागेल. मागच्या बाजूला घासलेल्या जागेवर लवचिक इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन) भिजवलेल्या फायबर कापडाचे दोन थर द्या. तड्याच्या दोन्ही अंगांना पाच-पाच सेंटिमीटर पोचतील एवढे, कोपरे गोल कापलेले. दोन्ही थर एकाच मापाचे नकोत, नाहीतर कडेला पायरी होते आणि पुढचा तडा तिथूनच सुरू होतो. मागचे घट्ट झाले की पुढच्या खाचेत सिलिकाची भुकटी घालून दाट केलेले तेच इपॉक्सी भरा. नेहमीचे कडक इपॉक्सी लवचिक भागावर कडेने सुटते, म्हणून प्लास्टिकसाठी बनवलेले, थोडे लवणारे घ्या. मिथाइल मेथॅक्रिलेटचे दोन भागांचे गोंदही एबीएस, पीव्हीसी आणि फायबरवर उत्तम धरतात, पण त्यांना उग्र वास असतो आणि हाताशी वेळ कमी मिळतो. फायबरच्या कामाचे पॉलिएस्टर रेझिन एबीएसवर लावू नका. त्यातले स्टायरीन एबीएसला मऊ करते, आणि वाळल्यावर थर पापडासारखा उचलून येतो. झटपट चिकटणारे सायनोॲक्रिलेट फक्त कडा जागेवर धरून ठेवण्यापुरते, दोन-तीन ठिपके. त्याचा जोड ठिसूळ असतो.

इपॉक्सी वाळल्यावर त्यावर कधी कधी मेणचट थर येतो, विशेषतः दमट हवेत. तो घासायचा नाही. आधी साध्या पाण्याने आणि खरबरीत घासणीने धुवा, पुसा, मग पेपर लावा.

पेटी पॉलिथिलीनची निघाली तर सगळेच बदलते. पॉलिथिलीनला गोंद नुसता लावून धरत नाही, रसायनात ते विरघळत नाही. पक्का जोड हवा तर त्याला वितळवूनच जोडावे लागते. गरम हवेची गन आणि त्याच प्लास्टिकची वेल्डिंगची काडी घ्या, हवेचे तापमान 270 ते 300 अंशांच्या आसपास ठेवा. खाचेची वरची कात वेल्डिंगच्या लगेच आधी ब्लेडने खरवडून काढा, कारण हवेने आणि उन्हाने तिचे गुण बदललेले असतात. काडी आणि खाच दोन्ही एकाच वेळी ओलसर चमकू लागली की काडी दाबत पुढे न्यायची. काडीच वितळली आणि खाच नुसतीच गरम झाली, तर वरून सुंदर दिसणारा जोड हाताने सोलून निघतो. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर हात बसवा. वेल्डिंग पाण्याने थंड करू नका, आपोआप निवू द्या. काही टाक्या आणि पेट्या आडबंध घातलेल्या, म्हणजे रेणू एकमेकांना आडवे जोडलेल्या, पॉलिथिलीनच्या असतात. ते तापवल्यावर वितळत नाही, नुसते मऊ होऊन करपते. तसे दिसले की हात थांबवा, त्याला वेल्डिंग होत नाही.

गनऐवजी ज्योतीचाही उपाय आहे. पॉलिथिलीनवर गॅसच्या निळ्या ज्योतीचे टोक भराभर फिरवले की पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते आणि लवचिक इपॉक्सी बऱ्यापैकी धरते. ज्योत कुठेच रेंगाळू द्यायची नाही. पृष्ठभाग वितळला किंवा करपला तर जास्त झाले. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत इपॉक्सी लावा. भाराच्या जागी मात्र मी यावर विसंबत नाही.

आणि पॉलिथिलीनला रंग देऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा आहे, त्यावर रंग पसरतो पण रुजत नाही. प्रायमर आणि ज्योत वापरूनही होडीवरच्या घासाघाशीत एका हंगामात पोपडे निघतात. पेटी स्वच्छ करा, जोडा, तिच्या मूळ रंगात राहू द्या. पॉलिप्रॉपिलीनला त्याच्यासाठीचा खास पकड वाढवणारा प्रायमर मिळतो, पण तोही कमी हाताळल्या जाणाऱ्या भागांपुरता ठीक.

फायबरच्या भागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील तर त्या बहुधा वरच्या जेलकोटच्याच (फायबरवरच्या गुळगुळीत रेझिनच्या थराच्या) असतात, आणि तो थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पण खालचा भाग लवतोय, हे त्या सांगत असतात. आधी पाठीमागून मजबुती द्या, मग प्रत्येक चीर टोकदार कोरणीने उघडून इपॉक्सीच्या लांबीने भरा. तडा आरपार असेल तर कडा लांब उतारावर घासाव्या लागतात, जाडीच्या बारापट लांब. तीन मिलिमीटर जाडीला साडेतीन सेंटिमीटरचा उतार. त्यावर कापड आणि इपॉक्सीचे थर चढवा. गाड्यांची पॉलिएस्टर लांबी इथेही नको, ती पाणी शोषते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही, म्हणून इपॉक्सीने दुरुस्त केल्यावर वर रंगच द्या. रंग लागतोच, कारण उघडे इपॉक्सी उन्हात पिवळे पडून भुकटी होते.

काही भाग मी दुरुस्त करून देतच नाही, कुणी कितीही विनंती केली तरी. पाण्याच्या रेषेखालचे प्लास्टिकचे फिटिंग आणि व्हॉल्व्ह : तडा दिसला की बदला, ते फुटले तर होडी बुडते. इंधनाची टाकी : रिकामी दिसली तरी तिच्यात वाफ असते आणि गरम हवेच्या गनने स्फोट होऊ शकतो. पकडायचे कठडे आणि त्यांचे प्लास्टिकचे पाय, ज्यांवर माणूस आपला तोल सोपवतो. तडकलेल्या खिडक्याही बदलायच्या.

जोड पक्के झाल्यावरचे घासकाम तुम्हाला येते असे गृहीत धरतो. 120, 180, 240, शेवटी 320, आणि जुन्या रंगाची कड इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. टॉर्च पृष्ठभागाला लागून आडवा धरला की खड्डे आणि उंचवटे सावलीने उघडे पडतात. दिवसाच्या उजेडात ते दिसत नाहीत.

रंगाआधी एक काम जरूर करा. दुरुस्त केलेला भाग दोन-तीन दिवस भर उन्हात ठेवा, रात्री आत घ्या. जोड आकसायचा असेल, फोड यायचा असेल, रेघ परत दिसायची असेल, तर ती प्रायमरच्या आधी दिसू दे. रेघ बारीक खळगी होऊन दिसली तर पुन्हा थोडे भरून घासा.

प्रायमर प्लास्टिकला चालणारा, आणि पहिला हात अगदी पातळ. तीव्र थिनरचा ओला जाड हात एबीएसवर बसला की तो आत शिरून बारीक चिरा पाडतो, आणि मग रंगानेच तडा सुरू झाल्यासारखे होते. पातळ हात, वाळू द्या, मग दुसरा. प्रायमर पूर्ण सुकल्यावर पाठीच्या एका कोपऱ्यात ब्लेडने बारीक चौकटी कापा, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर आल्या तर वरचा महागडा रंग वाया जाणार आहे, तिथेच थांबा आणि सफाईपासून पुन्हा सुरू करा.

वरचा रंग दोन भागांचा पॉलियुरेथेन, कारण तो थोडा लवतो. साधे एनॅमल प्लास्टिकच्या हालचालीत तडकते. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा लागू शकतो. स्प्रे करायचा तर बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क हवा, कागदी मास्क अजिबात पुरत नाही. तो नसेल तर ब्रश आणि रोलरने रंगवा, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूहून (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते, त्याहून) निदान 3 अंश वर असू दे, नाहीतर न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. कन्सोलला काळा किंवा गडद निळा देऊ नका. उन्हात गडद पृष्ठभाग फार तापतो, प्लास्टिक जास्त फुगते आणि जोडावर ताण येतो.

परत बसवताना भोके स्क्रूच्या जाडीपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी करा, सपाट बुडाच्या डोक्याचे स्क्रू आणि रुंद वॉशर वापरा. आवळताना वॉशर टेकला की वर पाव फेरी, बास. स्क्रू सुटू नये म्हणून लावायचे थ्रेडलॉकर एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या जवळही नेऊ नका, त्याने ताणाच्या जागी तडे जातात. पॉलिसल्फाइड सीलंटही या दोन्ही प्लास्टिकना खाते. बुटाइल टेप (रबरी, चिकट सीलंटची पट्टी) लावा. ती मऊ राहते आणि पुढच्या वेळी रंगकामात सिलिकॉनसारखा त्रास देत नाही.

तुमच्या तीन भागांपैकी सुरुवात हॅचच्या झाकणापासून करा, आणि तीही होडीवरच, बिजागरीचे कणे एका रेषेत आहेत का ते बघून. पेटीचा कपटा आजच वाटीत टाकून पाहा. तरंगला तर रंगाची यादी एका भागाने कमी झाली.